गुहागरच्या खोलीत नागपूरचा कूलर

पत्र थोडक्यात असं:

"आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. जुनं कौलारू घर उतरवून स्लॅबचं बांधलं. सासरे ऐंशीच्या घरातले. त्यांची खोली दहा बाय बाराची, वर थेट स्लॅब. मे महिन्यात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्यांचा डोळा लागत नाही. डोंबिवलीच्या मुलाने मोबाइलवर जाहिरात बघून एक छोटा कूलर पाठवला. 'दहा मिनिटांत खोली थंड, एसी विसरा' अशी जाहिरात. डब्याएवढं यंत्र, ६०० मिलिलिटरची टाकी, मोबाइलच्या चार्जरवर चालतं. रात्री डासांमुळे खिडक्या लावून घेते, टाकी भरते, वर बर्फ घालते. अगदी समोर बसलं तर वारा गार लागतो, खोली मात्र होती तशीच. सकाळी बघावं तर टाकीत निम्मं पाणी शिल्लक आणि चादर दमट. बाबा म्हणतात, 'काढ गो ते, घुसमटायला होतं.' नागपूरची मामेबहीण म्हणते, पीस खराब असेल, मोठा घे, आमचा अख्खा उन्हाळा कूलरवर निघतो. यंत्र खरंच बिघडलेलं आहे का? मोठा कूलर घ्यावा, की एसीच? एसीच्या बिलाची धास्ती वाटते."

– एक वाचक, गुहागर तालुका

ताई, यंत्र बिघडलेलं नाही. पाणी निम्मं उरतं, चादर दमट होते आणि बाबांना घुसमटतं, या तिन्ही गोष्टी एकाच कारणाने होतायत आणि ते कारण तुमच्या हवेत आहे. मोठा कूलर घेऊ नका. एसीचं पुढे बोलूच, पण त्याआधी स्लॅबचं बोलायला हवं. बाबांची झोप बहुतेक तिथेच अडली आहे.

आधी त्या निम्म्या उरलेल्या पाण्याचा हिशेब करू, कारण तुम्ही नकळत फार उपयोगी मोजमाप करून पाठवलंय. कूलर कुठलाही असो, टेबलावरचा किंवा खिडकीबाहेरचा पिंपाएवढा, त्याची सगळी करामत पाण्याची वाफ होण्यात असते. वाफ होताना पाणी आजूबाजूच्या हवेतली उष्णता ओढून घेतं. तासाला एक लिटर पाणी उडालं, तर साधारण पावणेसातशे वॉट उष्णता ओढली जाते. तुमच्या यंत्रातून रात्रभरात, म्हणजे आठेक तासांत, ३०० मिलिलिटर पाणी उडालं. भागाकार केला की येतात २५ वॉट. शांत झोपलेल्या माणसाच्या अंगातूनच ७० ते ८० वॉट उष्णता बाहेर पडत असते. म्हणजे त्या यंत्राने रात्रभर राबून बाबांच्या स्वतःच्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा उचलला. स्लॅबमधून उतरणाऱ्या उष्णतेला तर त्याने हातही लावला नाही. तुलनेसाठी सांगतो, एक टनाचा एसी ३,५०० वॉट उष्णता खोलीबाहेर काढतो. 'एसी विसरा' लिहिणाऱ्याने हा आकडा विसरायला लावला होता.

आता उरलेलं पाणी का उडालं नाही? कारण त्याला जायला जागाच नव्हती. हवेत वाफ मावायला मर्यादा असते. ३० अंशांच्या हवेत घनमीटरमागे फार तर ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकतं. तुमची खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट धरली, तर साधारण ३४ घनमीटर. म्हणजे अख्ख्या खोलीची धाव एक लिटरपर्यंत. त्यातलं पाऊण लिटर तुम्ही यंत्र लावायच्या आधीच हवेत होतं, कारण मे महिन्यातल्या रात्री किनाऱ्यावर आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली क्वचितच येते. राहिली जागा पाव लिटरची, एक पेलाभर. दाराच्या फटीतून थोडी दमट हवा बाहेर गेली म्हणून पेल्याच्या जरा वर मजल गेली, एवढंच. हवा भरल्यावर बाकीचा ओलावा चादरीने, उशीने आणि कपाटातल्या कपड्यांनी पिऊन घेतला. असंच महिनाभर चाललं, तर कपाटामागच्या भिंतीवर बुरशी धरेल. आपल्याकडे तिला पावसाळ्यात वेगळं आमंत्रण लागत नाही, मे महिन्यात कशाला बोलवायचं?

तुमची मामेबहीण खोटं बोलत नाही. नागपूरला मे महिन्यातल्या दुपारी ४३ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता ही नेहमीची गोष्ट. त्या हवेत घनमीटरमागे जेमतेम १२ ग्रॅम पाणी असतं. आपल्याकडे त्याच वेळी ३३ अंश आणि ६५-७० टक्के आर्द्रता, म्हणजे २३-२५ ग्रॅम. पारा दहा अंशांनी कमी, पण हवेत पाणी दुप्पट. तिकडची हवा तहानलेली, पाणी दिसलं की पिते. तिथे ओल्या जाळीतून हवा कितीही खेळवली, तरी ती २५ अंशांच्या खाली जात नाही; पण ४३ वरून तिथपर्यंत उतरायला १८ अंशांचा वाव असतो. चांगल्या जाळीचा मोठा कूलर त्यातले १४-१५ अंश पदरात पाडून देतो. गुहागरला दुपारी हा तळ २८ अंशांवर असतो. वाव पाचच अंशांचा. मोठ्या कूलरने फार तर चार मिळतील, तुमच्या छोट्याला अडीच. आणि रात्री, म्हणजे नेमकी बाबांना गरज असते तेव्हा, बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली की वाव उरतो दोन अंशांचा. त्यातला एखादा अंश मिळवायला कोणी दहा हजारांचं यंत्र घेत नाही.

हे तुम्हाला तुमच्या माठानेही सांगितलं असेल. तोच माठ विदर्भात नेला तर मे महिन्यात पाणी दाताला झोंबेल इतकं गार करतो. आपल्याकडे मार्चअखेरपर्यंत बरा असतो आणि मे उजाडला की त्यातलं पाणी नुसतं 'गरम नाही' इतपत राहतं. कुंभार तोच, मातीही तीच. बाहेरून पाझरलेलं पाणी उडायचंच थांबतं.

बाबांच्या घुसमटीकडे मी सगळ्यात गंभीरपणे बघतो. घाम हीच आपल्या अंगाची गारवा करायची सोय, आणि तीही बाष्पीभवनावरच चालते. खिडक्या लावलेल्या खोलीत यंत्राने हवा वाफेने भरून टाकली की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणजे यंत्राने खोली थंड केली नाहीच, वर बाबांच्या अंगातला कूलर बंद पाडला. ऐंशीच्या वयात घाम आधीच कमी येतो, तहान लागलेली कळत नाही. बाबा 'काढ ते' म्हणाले ते वय झालं म्हणून कुरकुरले असं समजू नका. त्यांचं निदान कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा अचूक आहे. आज रात्रीपासून ते यंत्र बंद खोलीत लावू नका. आणि हो, कूलरला खिडकी उघडी लागते, हे नागपुरातही खरं आहे. बहिणीला विचारा, तिच्या घरी कूलर खिडकीबाहेर बसवलेला असेल आणि समोरचं दार किलकिलं असेल. दमट झालेली हवा बाहेर जायला वाट ठेवली नाही, तर तिथलाही कूलर तासाभरात निकामी होतो.

बर्फाचा उपाय जवळजवळ प्रत्येक जण करतो. फ्रीजरमधल्या एका ट्रेमध्ये पाव किलो बर्फ असेल, तर तो वितळताना जेवढी उष्णता घेतो तेवढी एक टनाचा एसी अर्ध्या मिनिटाच्या आत काढतो. शिवाय पाणी गार झालं की ते उडतंही कमी. आणि तो बर्फ करताना फ्रीजने घेतलेल्यापेक्षा जास्त उष्णता मागच्या जाळीतून तुमच्या स्वयंपाकघरात सोडलेली असते. तो बर्फ कोकम सरबतात घाला.

आता तुम्ही म्हणाल, लग्नाच्या मांडवात मोठे कूलर लावतात तिथे गार वाटतं ते कसं? तिथे गारवा बहुतेक वाऱ्याचा असतो. दोन फुटी पात्यांचा पंखा तोंडावर वारा फेकतो, मांडव चहूबाजूंनी उघडा असतो, त्यामुळे दमट हवा साचत नाही. त्याच कूलरची पाण्याची मोटर गुपचूप बंद केली, तरी वऱ्हाडी मंडळींपैकी फारशा कोणाच्या लक्षात यायचं नाही.

कोकणात कूलर कधीच चालत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस असे येतात की वारा पूर्वेकडून, घाटावरून उतरतो, खारे वारे दुपारी उशिरापर्यंत सुटतच नाहीत आणि पारा ३८-३९ वर जातो. त्या दुपारी ओठ फुटतात, दोरीवरची धुतलेली साडी बघता बघता कडकडीत वाळते. तेव्हा आर्द्रता २५-३० टक्क्यांवर आलेली असते आणि कूलर चक्क काम करतो. किनाऱ्यापासून आत, महाड, माणगाव, खेड, चिपळूण या पट्ट्यात अशा दुपारी जास्त मिळतात. रायगडातल्या भिऱ्याला तर मार्च २०१७ मध्ये पारा ४६ अंशांच्या पुढे गेला होता. पण तुमचं घर समुद्रापासून दहा मिनिटांवर आणि प्रश्न मे महिन्यातल्या रात्रीचा, त्यामुळे हा अपवाद तुमच्या कामाचा नाही.

कोणाला घरच्या घरी खात्री करायची असेल तर एक सोपी चाचणी आहे, आणि ती मला या सगळ्या जाहिरातींपेक्षा जास्त भरवशाची वाटते. शाळेच्या प्रयोगशाळेत असतात तसे दोन साधे तापमापक घ्या, तापाचे नव्हेत. एकाच्या फुग्यावर समईची कोरी वात गुंडाळा, तेल लागलेली नको. वातीचं दुसरं टोक वाटीतल्या पाण्यात सोडा. दोन्ही तापमापक शेजारी-शेजारी पंख्याच्या वाऱ्यात पाच मिनिटं धरा. ओल्याचा पारा हळूहळू उतरतो आणि एका जागी थांबतो. तो थांबला की दोघांतला फरक वाचा. तेवढाच तुमच्या हवेतला वाव, आणि जगातला कुठलाही साधा कूलर त्यापलीकडे जाऊ शकत नाही. फरक दहा-बाराच्या वर असेल तर कूलर घ्यावा. पाच-सहाच्या खाली असेल तर पैसे खिशात ठेवावेत. हवामान खात्याच्या वेधशाळेत लाकडी पेटीत कोरडा आणि ओला असे दोन तापमापक असतात, ते आर्द्रता मोजतात ती याच रीतीने. रात्री अकराला बाबांच्या खोलीत हे करून बघा. दोन-तीनच्या वर फरक दिसला तर मला आश्चर्य वाटेल.

आता स्लॅबकडे येऊ. जुन्या घरात कौलं होती, त्यांच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची, मध्ये माळा होता, आणि कौल पातळ असल्यामुळे सूर्य मावळला की तासाभरात निवायचं. स्लॅबचं तसं नाही. दिवसभर उन्हात त्याचा वरचा पृष्ठभाग ५० अंशांच्या पुढे तापतो. ही उष्णता आत झिरपायला काही तास लागतात, त्यामुळे खालची बाजू संध्याकाळनंतर तापलेली लागते आणि मध्यरात्र उलटेपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. बाबांना दोन वाजता झोप लागते ना? स्लॅब निवायची वेळ साधारण तीच. रात्री दहाला स्टुलावर चढून हात छताला लावा आणि मग भिंतीला. चिऱ्याची भिंत असेल तर फरक लगेच कळेल.

म्हणजे खोलीत थंडी आणण्यापेक्षा वरून येणारी उष्णता अडवणं स्वस्त पडेल. उन्हाळ्यापुरता सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गच्चीवर, त्या खोलीच्या डोक्यावर, दोन-तीन फूट उंचीवर नर्सरीत वापरतात तशी शेडनेट ताणणं. झावळ्यांचा मांडव घातला तर त्याहून छान. खळ्यात मांडव घालणारी माणसं तुमच्या वाडीत असतीलच, त्यांनाच वर चढवा. सावली स्लॅबला टेकवू नका, मधून वारा खेळला पाहिजे. वळवाच्या पावसात उडणार नाही असं बांधून घ्या. कायमचं करायचं असेल तर आपल्याकडे गळतीसाठी स्लॅबवर पत्र्याची शेड घालतातच. ती घालताना चारी बाजू उघड्या ठेवल्या तर गळती आणि ऊन दोन्ही सुटतं. शेडच्या बाजू बंद करून वर अडगळीची खोली केली की उन्हाचा फायदा अर्धा जातो, हे बरेच जण करतात.

पांढरा रंग हा तिसरा मार्ग. गच्चीसाठी ऊन परतवणारा पांढरा रंग मिळतो, तो नीट लावला तर खालची खोली दोन-तीन अंशांनी उतरते. चुन्याचे दोन हात दिले तरी काम होतं, अहमदाबादेत वस्त्यांमधल्या छतांवर चुना देण्याची मोहीमच झाली. आपल्या पावसात चुना टिकत नाही, दरवर्षी फेब्रुवारीत द्यावा लागतो. लावायच्या आधी शेवाळ खरवडून काढा, नाहीतर पोपडे येतील.

गच्चीवर संध्याकाळी पाणी मारलं तर? उत्तम. बाष्पीभवन जिथे करायला हवं तिथे होईल, म्हणजे खोलीबाहेर. ओलावा वाऱ्यावर जाईल आणि उष्णता स्लॅबमधून निघेल. पण मे महिन्यात गुहागरकडे विहिरींची काय अवस्था असते ते तुम्ही जाणता. पावसाळ्यात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते. भांडी विसळलेलं पाणी गाळून वर नेता आलं तर मारा, पिण्याचं पाणी मारू नका. सावली केली तर याची गरजही पडत नाही.

मग पंखा. छताचा पंखा तापलेल्या स्लॅबखालची गरम हवाच खाली ढकलतो, त्यामुळे संध्याकाळी त्याचा वारा भट्टीसारखा लागतो. सहा ते नऊ या वेळात खोलीची खिडकी-दार उघडं ठेवून एक टेबल फॅन खिडकीत बाहेर तोंड करून लावा, म्हणजे साचलेली गरम हवा निघून जाईल. वर झरोका असेल तर तिथे छोटा एक्झॉस्ट फॅन बसवा. नऊनंतर बाहेरची हवा आतल्यापेक्षा निवलेली असते, तेव्हा तोच फॅन फिरवून आत तोंड करा, वारा बाबांच्या कमरेपासून पायांपर्यंत यावा. खिडक्यांना जाळ्या बसवणं मात्र आधी. डासांमुळे खिडकी बंद ठेवायची आणि आत यंत्र लावायचं, हा मार्ग महाग आहे. पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारी खारा वारा तिथूनच येतो आणि ऊनही तिथूनच. ती बंद न करता तिच्यावर बाहेरून झडपेसारखी झावळ किंवा बांबूची चटई तिरपी लावा, वारा येईल आणि ऊन अडेल.

नवीन पंखा घेणार असाल तर बीएलडीसी मोटरचा घ्या. जुना छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, हा ३० ते ३५. बिलात फरक पडतोच, पण वळवाच्या दिवसांत वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर तो दुप्पट वेळ चालतो. पंखा खोली थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. अंगावर चांगला वारा असला तर दोन-तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं, आणि कोकणात रात्री कूलरने मिळतं त्यापेक्षा हे जास्त आहे.

आणि पाणी वापरायचंच असेल तर ते यंत्राला पाजण्याऐवजी बाबांच्या अंगाला लावा. सुती पंचा पाण्यात भिजवून घट्ट पिळा, झोपायच्या आधी मान, हात, पोटऱ्या पुसून घ्या, आणि पंखा चालू ठेवा. त्वचेवरचं पाणी उडताना उष्णता थेट अंगातून घेतं, अख्ख्या खोलीची हवा गार करायची भानगड नाही. पाव वाटी पाण्यात काम होतं. खिडकी उघडी असेल तर ओलावाही साचत नाही. बाबांना सर्दी-खोकल्याचा त्रास असेल तर छाती ओली करू नका, हातपाय पुरेत.

हे सगळं करून मे महिन्याच्या मध्यावरही त्यांची झोप होत नसेल, तर एसी घ्या आणि त्याबद्दल मनात चुटपुट ठेवू नका. आपल्या हवेत एसीचं मोठं काम थंड करण्यापेक्षा कोरडं करण्याचं असतं. त्याच्या नळीखाली बादली ठेवलीत तर दमट रात्री तासाला लिटरच्या आसपास पाणी जमतं. तुमचा कूलर हवेत पाणी घालत होता, हा काढतो. त्यामुळे २७ अंशांवर लावून पंखा मंद ठेवला तरी बाबांना पुरेसं होईल. स्टार रेटिंगचे एसी जानेवारी २०२० पासून चालू केल्यावर आपोआप २४ वर येतात, तिथून तो रिमोटने वर न्यायला विसरू नका. दहा बाय बाराला एक टन पुरतो, पण आधी स्लॅबवर सावली करा. उघड्या स्लॅबखाली तोच एसी रात्रभर पूर्ण ताकदीने धापा टाकत राहील.

बिलाचा अंदाज असा. पाच स्टारचा इन्व्हर्टर एसी २७ वर, सावली केलेल्या खोलीत, तासाला अर्धा ते पाऊण युनिट घेईल. आठ तासांचे चार ते सहा, महिन्याचे १२० ते १८०. महावितरणच्या बिलावर पहिल्या १०० युनिटांचा दर आणि १०१ ते ३०० चा दर वेगवेगळा छापलेला असतो. तुमचं आताचं बिल ८०-९० युनिटांचं असेल, तर एसीचे जवळजवळ सगळे युनिट वरच्या दराने लागतील. त्या दराने गुणून बघा. हा खर्च एप्रिल-मे असा दोन महिन्यांचा, फार तर जूनचा पहिला आठवडा, वर्षभराचा नाही.

समुद्राजवळ एसी घेताना एक गोष्ट दुकानदार स्वतःहून सांगत नाही. खारी हवा बाहेरच्या युनिटची जाळी खाते. तांब्याची कॉइल आणि गंजरोधक लेप असलेलंच मॉडेल घ्या, बाहेरचं युनिट समुद्राकडे तोंड करून बसवू नका, आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा वीज बंद करून साध्या पाण्याने जाळी धुवा. बसवायचा स्टँडही साध्या लोखंडाचा असेल तर दोन पावसाळ्यांत गंजून लटकतो.

बाबांबद्दल थोडं. त्यांना रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर उकाड्याच्या दिवसांत त्यांचं प्रमाण बदलावं का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. स्वतःहून गोळी बंद करू नका. पन्हं, ताक, शहाळं, कोकम जे रुचेल ते थोडं-थोडं दिवसभर द्या, मधुमेह असेल तर साखर आणि रक्तदाब असेल तर मीठ जपून. पण एखाद्या दिवशी ते असंबद्ध बोलायला लागले, अंग तापून कोरडं पडलं, उलट्या झाल्या किंवा हाक मारूनही नीट उत्तर देईनात, तर पंचा भिजवत बसू नका. अंगावर पाणी घालत १०८ ला फोन लावा.

राहिलं ते डब्याएवढं यंत्र. ते घरात ठेवणार असाल तर टाकीत पाणी साठवून ठेवू नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, न हलवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं तो यासाठीच. पण आधी परत करायचा प्रयत्न करा. परत घेण्याची मुदत संपायच्या आत मुलाला अर्ज टाकायला सांगा. कारण देताना 'पीस खराब' असं लिहू नका, दुसरा तसाच पीस पाठवतील. 'जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे खोली थंड होत नाही' असं लिहा आणि त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडा. जाहिरात उद्या काढून टाकतील, म्हणून तो आजच घ्या. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. दिशाभूल करणारी जाहिरात हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कारवाईचा विषय आहे. पैसे परत मिळाले तर त्यात चांगला टेबल फॅन बहुधा बसणार नाही, वर थोडे घालावे लागतील. ते मुलाकडूनच घ्या.